जुनी पेन स्पिनफिशर रील पुन्हा खाऱ्या पाण्यावर आणताना: खोलण्याचा, धुण्याचा आणि जोडण्याचा क्रम

पेन (Penn) कंपनीच्या स्पिनफिशर एसएस मालिकेतली ७५०, ८५० किंवा ९५० क्रमांकाची मासे गरवायची रील हाती आली की बहुतेक जण त्याच संध्याकाळी तिच्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दहाबारा थेंब सोडतात, नवी लाईन भरतात आणि पुढच्याच भरतीला वरळीच्या किंवा बँडस्टँडच्या खडकांवर गरवायला जातात. पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या जातात. तिसऱ्या फेरीपासून हँडल घरघरू लागते, ड्रॅग (मासा ओढू लागला की लाईन रोखत सोडणारा ब्रेक) झटके देत सुटतो, आणि एखादे मोठे पाखट किंवा जिताडा लागला की लाईन तुटते. मग जुन्या मालाला दोष देऊन रील माळ्यावर जाते. दोष रीलचा नसतो. वर्षानुवर्षे सुकलेले ग्रीस आणि मीठ आत तसेच ठेवून त्यावर पातळ तेल सोडले की ते मीठ सुटे होते आणि गिअरच्या दातांमध्ये व बेअरिंगमध्ये शिरते. म्हणजे अर्धवट सेवा ही सेवाच न करण्याहून वाईट ठरते.

ही घडण कंपनीने बंद केली आणि पुढच्या स्पिनफिशरला पाणी आत शिरू नये म्हणून सील दिले. जुन्या एसएसला असे सील नाहीत. खारे पाणी तिच्यात जाणारच, हे गृहीत धरूनच ती वापरावी लागते. मात्र ती साध्या पेचकसाने उघडते, आतला प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताने निघतो आणि हाताने बसतो. मुंबईच्या किनाऱ्यावर ज्यांच्याकडे ती अजून आहे, त्यांनी ती याच कारणासाठी सांभाळली आहे. हा फायदा मिळतो तो क्रमाने उघडणाऱ्याला. म्हणून हा लेख क्रमाविषयी आहे.

टप्पा १: पैसे देण्यापूर्वीची पाहणी

रील चोरबाजारात मिळो, परदेशाहून आलेल्या नातेवाइकाच्या सामानातून मिळो किंवा ओळखीच्या माणसाकडून, पहिल्यांदा तिच्यावरची अक्षरे वाचावीत. एसएस, एसएसजी आणि एसएसएम या तीन वेगळ्या घडणी आहेत. एसएसजीचा देह ग्रॅफाइटचा आहे, एसएस आणि एसएसएमचा धातूचा. क्रमांक तोच असला तरी तिन्हींचे सुटे भाग एकमेकांना लागतील असे गृहीत धरू नये. भाग मागवताना बसणारा सर्वांत मोठा फटका इथूनच सुरू होतो.

पेनच्या सुट्या भागांचे क्रमांक समजायला सोपे आहेत. आधी भागाचा आकडा आणि आडव्या रेषेनंतर रीलचा आकडा असतो. ४७-७५० म्हणजे ७५०चा स्पूल, अर्थात लाईन गुंडाळली जाते ते रीळ; ३५-७५० म्हणजे ७५०ची बेल, अर्थात लाईन उचलून घेणारी तारेची कमान. हे क्रमांक कागदावर लिहून ठेवले की शोध अर्ध्यावर येतो.

आता रील हातात घेऊन या गोष्टी पाहाव्यात:

- हँडल अगदी सावकाश फिरवावे. वेगाने फिरवले की सगळ्याच रील गुळगुळीत वाटतात, आणि विकणारा नेहमी वेगानेच फिरवून दाखवतो. सावकाश फिरवताना एका ठरावीक जागी अडखळ आली तर दाताला इजा आहे. सगळीकडे सारखी खरखर असेल तर मीठ किंवा खराब बेअरिंग आहे, आणि त्यावर उपाय आहे.
- स्पूलकडे समोरून पाहत हँडल फिरवावे. स्पूल पुढेमागे सरकताना डावीउजवीकडे डोलत असेल तर मुख्य शाफ्ट, म्हणजे स्पूल पेलणारा दांडा, वाकला असण्याची शक्यता आहे. अशी रील फक्त सुट्या भागांसाठी घ्यावी.
- स्क्रूंच्या खाचा पाहाव्यात. खाचा चपटलेल्या असतील तर आधी कुणीतरी चुकीच्या पेचकसाने जोर लावलेला आहे आणि आतही तसाच हात फिरला असेल.
- स्पूल काढून शाफ्टच्या मुळाशी आणि रोटरच्या, म्हणजे बेल घेऊन स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाच्या, आत पाहावे. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी सगळीकडेच थोडीफार असते. भुकटीखाली खड्डे पडले आहेत का, ते नखाने चाचपावे.

घासून काळा रंग गेलेली पण स्क्रू न छेडलेली रील आणि चकचकीत पण स्क्रू चपटलेली रील यांत मी नेहमी पहिली निवडेन. एकाच मॉडेलच्या दोन मोडक्या रील स्वस्तात मिळत असतील तर दोन्ही घ्याव्यात, कारण दोहोंतून एक धड रील उभी राहते आणि उरलेले भाग पुढची काही वर्षे पुरतात.

टप्पा २: तयारी, जिच्यात सर्वांत जास्त चुका होतात

रील उघडण्यासाठी सलग तीन-चार तास हवेत आणि त्यानंतर भाग सुकण्यासाठी एक पूर्ण दिवस. उद्या पहाटे गरवायला जायचे आहे म्हणून आज रात्री रील उघडू नये. पावसाळ्याचे दोन महिने या कामाला उत्तम. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, समुद्र खवळलेला असतो आणि खडकावर उभे राहणे जिवावर बेतू शकते. आषाढात उघडलेली रील नारळी पौर्णिमेपर्यंत सावकाश आणि नीट तयार होते. फक्त त्या दमट हवेत भाग सुकायला जास्त वेळ द्यावा लागतो.

जवळ असावे असे सामान:

- उंच काठाची परात आणि तिच्यात अंथरलेला पांढरा सुती पंचा. स्प्रिंग उडाली तर परातीच्या काठाला अडते, आणि पांढऱ्यावर पातळ वॉशर दिसतो.
- स्क्रूच्या खाचेत काठोकाठ बसणारे दोन-तीन चपटे पेचकस. बाजारातल्या पेचकसाचे टोक पाचरीसारखे निमुळते असते आणि जोर लावताच खाचेतून वर सरकते. मुंबईत अवजारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला, मिळणारा चांगल्या पोलादाचा पेचकस घेऊन त्याचे टोक कानशीने दोन्ही बाजूंनी समांतर घासून घ्यावे.
- रंगाच्या दुकानातले टर्पेंटाईन, भांड्यांचा द्रव साबण, जुने दात घासायचे ब्रश, कानात घालायच्या कापसाच्या काड्या.
- गंजलेले आटे सोडवणारे पातळ तेल, पाण्याने न धुपणारे मरीन ग्रीस, थोडे हलके तेल. ड्रॅगच्या वॉशरसाठी वेगळे ड्रॅग ग्रीस.
- जाड पुठ्ठा आणि पेन्सिल. पुठ्ठ्यावर रीलच्या झाकणाचे चित्र काढावे आणि काढलेला प्रत्येक स्क्रू चित्रातल्या त्याच जागी खोचावा.

पुठ्ठ्याची ही युक्ती अनेकांना पोरकट वाटते. झाकणाचे स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीत फरक असू शकतो, आणि लांब स्क्रू आखूड भोकात कसला तर तो आतल्या भागाला टेकतो किंवा आटे फाडतो. ॲल्युमिनियमच्या देहातले आटे एकदा फाटले की घरच्या घरी दुरुस्त होत नाहीत.

सावधान: पेट्रोल वापरू नये. बंद खोलीत त्याची वाफ पेट घेते. टर्पेंटाईनचे कामही खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून दूर करावे.

टप्पा ३: स्क्रू फिरवण्यापूर्वीचा दिवस

ॲल्युमिनियमचा देह, पोलादाचे स्क्रू आणि मध्ये खारे पाणी, हा संयोग स्क्रू जाम करण्यासाठी पुरेसा असतो. दोन वेगळे धातू मिठाच्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजत जाते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत सिमेंटसारखी बसते. म्हणून सर्व बाहेरच्या स्क्रूंवर आटे सोडवणाऱ्या तेलाचा एकेक थेंब सोडून रील रात्रभर ठेवावी, सकाळी पुन्हा एकेक थेंब सोडावा आणि दुपारी कामाला लागावे.

तरीही स्क्रू हलला नाही तर आधी तो किंचित घट्ट करण्याच्या दिशेने दाबावा आणि मग उलटा फिरवावा. भुकटीची पकड मोडण्यासाठी पहिली हालचाल कोणत्याही दिशेने झाली तरी चालते. त्यानेही भागले नाही तर तेल पुसून काढावे, सोल्डरिंग आयर्नचे गरम टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवावे, थंड होऊ द्यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. हातोडी वापरू नये.

टप्पा ४: स्पूल आणि ड्रॅग

जुनी लाईन पूर्ण काढून टाकावी, कारण तिच्याखाली स्पूलच्या तळाशी मीठ साचलेले असते. ड्रॅगचे बटण सोडून स्पूल काढावा. ड्रॅगचे वॉशर तारेच्या एका स्प्रिंगकडीने अडवलेले असतात. ही कडी उडते. स्पूल पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून, हातही पिशवीत घालून कडी काढावी. अशी एक कडी माझ्या हातून चाळीच्या गॅलरीतून खाली गेली होती. ती मिळाली नाही आणि त्या एका तारेपायी रील पाच महिने पडून राहिली.

आता वॉशर एकेक करून काढावेत आणि ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पंच्यावर डावीकडून उजवीकडे मांडून फोटो घ्यावा. येथे थोडे थांबून ही रचना समजून घ्यावी, कारण ती समजली की क्रम पाठ करावा लागत नाही.

धातूचे वॉशर दोन प्रकारचे असतात. एकाला बाहेरच्या कडेला कान असतात. ते स्पूलच्या खाचेत अडकतात, म्हणून तो वॉशर स्पूलबरोबर फिरतो. दुसऱ्याच्या मधल्या भोकाच्या बाजू चपट्या असतात. तो शाफ्टला धरून बसतो आणि फिरत नाही. या दोहोंच्या मध्ये कार्बन फायबरचा काळा वॉशर बसतो, ज्याला पेनने एचटी-१०० असे नाव दिले आहे. मासा लाईन ओढतो तेव्हा फिरणारा आणि न फिरणारा धातू कार्बनच्या पातळ थरावर एकमेकांशी घासतात, आणि त्या घर्षणालाच आपण ड्रॅग म्हणतो. दोन धातूंमध्ये कार्बनचा वॉशर घालायचा राहून गेला तर धातूवर धातू घासतो आणि ड्रॅग झटके देतो. एकाच प्रकारचे दोन धातूचे वॉशर लागोपाठ बसले तर त्यांच्यामधला कार्बन काहीच काम करत नाही आणि बटण कितीही कसले तरी पुरेशी पकड येत नाही.

तपासणी: कार्बनचा वॉशर बोटांच्या चिमटीत धरून उजेडात तिरका करावा. विणीची जाळी दिसत असेल तर तो जिवंत आहे. जाळी दिसेनाशी होऊन पृष्ठभाग आरशासारखा चकाकत असेल किंवा कडेचे धागे सुटले असतील तर तो बदलावा. वर्षानुवर्षे ड्रॅग घट्ट कसून ठेवलेल्या रीलमध्ये असेच होते.

चांगले वॉशर साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने धुऊन, कापडाने टिपून, वर्तमानपत्रावर चोवीस तास सुकवावेत. धातूच्या वॉशरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढावा. त्यासाठी पेपर काचेच्या तुकड्यावर ठेवून वॉशर त्यावर गोल फिरवावा, म्हणजे तो सपाट राहतो.

टप्पा ५: देह उघडणे

हँडल काढण्याची रीत सगळ्या जुन्या रीलमध्ये एक नसते. काहींमध्ये हँडल उलटे फिरवून सुटते, काहींमध्ये समोरच्या बाजूच्या टोपीखाली ते धरून ठेवणारा स्क्रू असतो. म्हणून आधी समोरची टोपी काढून पाहावी. जोर नंतर लावायचा.

झाकणाचे स्क्रू काढून पुठ्ठ्यावर खोचावेत. झाकण चिकटले असेल तर पेचकस फटीत घालून उचकटू नये. त्याने कडेला ओरखडा पडतो आणि पुढे तिथूनच पाणी शिरते. रबरी किंवा लाकडी मुठीने देहावर हलके ठोकत राहिले की झाकण सुटते.

माझी ७५० पहिल्यांदा उघडली तेव्हा आतले ग्रीस पिवळ्या साबणाच्या वडीसारखे घट्ट झाले होते आणि त्यात गिअरच्या दातांचे ठसे उमटले होते. दात मात्र त्या वडीखाली शाबूत होते. आत असे दृश्य दिसले की घाबरू नये, पण लगेच पुसायलाही लागू नये. आधी फोटो घ्यावेत: वरून, बाजूने आणि तिरके.

यानंतरचा क्रम असा:

१. मुख्य गिअर सरळ वर उचलावा. त्याच्या दोन्ही बाजूंना कागदासारखे पातळ वॉशर असू शकतात. यांना शिम म्हणतात. गिअर आणि त्याच्या जोडीदाराचे दात किती खोल एकमेकांत बसावेत, ते या शिम ठरवतात. एक शिम हरवली किंवा दुसऱ्या बाजूला बसली तर रील स्वच्छ असूनही कायम घरघरते. शिम ग्रीसमुळे गिअरला किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटून येते आणि पुसताना कापडाबरोबर कचऱ्यात जाते.

२. स्पूलला पुढेमागे नेणारा ठोकळा शाफ्टला स्क्रूने जोडलेला असतो. तो स्क्रू काढून शाफ्ट पुढच्या बाजूने ओढून घ्यावा. शाफ्ट काचेवर लोळवून तो सरळ आहे का, ते आताच पाहावे.

३. रोटरचा नट काढावा. त्याआधी त्याचे आटे कोणत्या दिशेचे आहेत, ते पाहावे. नटावर काठोकाठ बसणारा पाना वापरावा. पकडीने नटाचे कोपरे झिजतात.

४. रोटर उचलल्यावर त्याखाली उलट फिरणे अडवणारी यंत्रणा दिसते. हँडल मागे ढकलल्यावर थोडी मोकळीक जाणवून मग थांबत असेल तर आत दातेरी चाक आणि त्याच्या दातांत अडकणारा खटका, म्हणजे कुत्रा, आहे. जागच्या जागी थांबत असेल तर एका दिशेलाच फिरणारे रोलरचे बेअरिंग आहे. कुत्र्याची स्प्रिंग कोणत्या बाजूला कशी टेकली आहे, याचा वेगळा फोटो घ्यावा.

५. पिनियन (मुख्य गिअरचा लहान जोडीदार गिअर) आणि त्याचे बेअरिंग शेवटी.

बेल, तिची स्प्रिंग आणि लाईन रोलर (बेलच्या टोकाची, लाईन जिच्यावरून वळते ती छोटी फिरकी) चालू स्थितीत असतील तर पहिल्या खेपेला बेलच्या स्प्रिंगला हात लावू नये. ती बसवताना तीन हात लागतात. लाईन रोलर मात्र काढावाच. मुंबईच्या खाऱ्या वाऱ्यात रोलर जाम होतो, मग लाईन त्यावरून फिरण्याऐवजी घासत जाते आणि रोलरवर सुरीने कापल्यासारखी खाच पडते.

तपासणी: कापसाचा छोटा बोळा रोलरवरून आणि स्पूलच्या ओठावरून फिरवावा. बोटाला न जाणवणारा ओरखडा कापसाचे तंतू पकडतो. स्पूलच्या ओठावरचा ओरखडा बारीक पॉलिश पेपरने घालवता येतो. खाच पडलेला रोलर बदलावाच लागतो.

टप्पा ६: धुणे आणि सुकवणे

धातूचे भाग टर्पेंटाईनमध्ये तासभर बुडवून ब्रशने घासावेत, मग कोमट साबणाच्या पाण्याने आणि शेवटी साध्या पाण्याने धुवावेत. टर्पेंटाईन ग्रीस काढते पण मीठ काढत नाही. मीठ पाण्यातच विरघळते. म्हणून नुसत्या टर्पेंटाईनवर थांबणारा माणूस स्वच्छ दिसणारी, पण खारट रील पुन्हा जोडतो.

कार्बनचे वॉशर या टर्पेंटाईनपासून दूर ठेवावेत.

धुतलेले भाग पंख्याखाली रात्रभर ठेवावेत. आटे असलेल्या भोकांमध्ये पाणी राहते. ते कापसाच्या काडीने टिपावे. जुलैत या सुकवण्याला मी दोन दिवस देतो.

टप्पा ७: बेअरिंग आणि सुटे भाग

प्रत्येक बेअरिंग पेन्सिलच्या टोकावर धरून बोटाने फिरवावे. कोरडे बेअरिंग थोडा आवाज करेल, ते ठीक आहे, पण अडखळता कामा नये. अडखळणारे बेअरिंग धुऊन वाचवण्यात वेळ घालवू नये.

नवे बेअरिंग कंपनीच्याच डब्यातले हवे असे नाही. बेअरिंगवरचा क्रमांक वाचावा. क्रमांक पुसला असेल तर व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजावी. नागदेवीच्या गल्लीतल्या बेअरिंगच्या दुकानात गेले की “नंबर सांगा, नाहीतर तुकडा दाखवा” एवढेच विचारतात, म्हणून जुना तुकडा सोबत न्यावा. स्टेनलेस आणि दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले मागावे. साधे पोलादी बेअरिंग स्वस्त असते, पण एका मोसमात गंजते.

कुत्रा, त्याची स्प्रिंग, बेलची स्प्रिंग आणि ड्रॅगचे वॉशर हे मात्र मूळ मॉडेलचेच घ्यावेत. स्थानिक लेथवर बनवून घेतलेला कुत्रा योग्य कडकपणाचा नसेल तर मोठ्या माशाच्या ओढीत सटकतो आणि हँडल उलटे फिरून बोटांवर आदळते.

टप्पा ८: जोडणी

काढण्याच्या उलट क्रमाने जोडावे, पण प्रत्येक पायरीनंतर थांबून फिरवून पाहावे. सगळे जोडून मग पाहणारा माणूस चूक कुठे झाली ते शोधण्यासाठी सगळे पुन्हा उघडतो.

पिनियन आणि रोटर बसल्यावर, मुख्य गिअर घालण्यापूर्वी, रोटर बोटाने ढकलावा. तो मोकळेपणाने फिरला पाहिजे. उलट दिशेला अडला पाहिजे. मग शाफ्ट, ठोकळा, शिमसह मुख्य गिअर आणि झाकण. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे थोडेथोडे कसत न्यावेत. कसता कसता हँडल जड होऊ लागले तर शिम चुकीच्या बाजूला आहे किंवा बेअरिंग तिरके बसले आहे. तिथेच थांबावे.

कुठे काय लावायचे, यात सरसकट गोंधळ होतो:

- गिअरचे दात, ठोकळा आणि शाफ्ट यांना मरीन ग्रीस. दात झाकले गेले पाहिजेत, पण देह ग्रीसने ठासून भरू नये.
- बेअरिंगच्या बाहेरच्या कडेला आणि देहातल्या त्याच्या घराला ग्रीसचा हात, म्हणजे पुढच्या वेळी ते सहज निघते.
- कुत्र्याला फक्त हलके तेल. घट्ट ग्रीसमध्ये तो चिकटून राहतो आणि ऐन वेळी पडत नाही. एका दिशेचे रोलर बेअरिंग असेल तर त्यालाही ग्रीस लावू नये, ते घसरू लागते.
- लाईन रोलरला तेलाचा थेंब, तोही दर फेरीनंतर.
- कार्बन वॉशर एक तर पूर्ण कोरडे ठेवावेत किंवा ड्रॅग ग्रीसचा अगदी पातळ हात देऊन जास्तीचे पुसून टाकावे. खाऱ्या पाण्यासाठी मी ग्रीसचाच पक्ष घेतो, कारण त्याने वॉशरच्या विणीत पाणी शिरत नाही. साधे तेल किंवा गिअरचे ग्रीस ड्रॅगला कधीही लावू नये.
- प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना ग्रीसचा ठिपका. हा ठिपका वगळल्यामुळेच टप्पा ३मधला सगळा त्रास होतो.

टप्पा ९: लाईन आणि ड्रॅगचे माप

ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, लाईन थेट स्पूलवर बांधू नये. ती गुळगुळीत धातूवर घसरते, आणि ड्रॅग बिघडला असे वाटत राहते. आधी तंगूसाचे (नायलॉनच्या एकसंध दोऱ्याचे) काही वेढे घ्यावेत आणि त्याला ब्रेड जोडावी. भरताना लाईन ओल्या कापडाच्या चिमटीतून घट्ट जाऊ द्यावी. सैल भरलेली ब्रेड पहिल्या मोठ्या ओढीत स्वतःच्या वेढ्यांमध्ये रुतते आणि पुढच्या फेकीला गुंता होतो. स्पूलच्या ओठापासून सुमारे तीन मिलिमीटर जागा मोकळी सोडावी.

ड्रॅग हाताच्या अंदाजाने लावू नये. लाईनच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा ड्रॅग असावा. ३० पौंडांची लाईन म्हणजे साधारण साडेतेरा किलो, म्हणून ड्रॅग साडेतीन ते साडेचार किलो. हे मोजण्यासाठी महागडा काटा लागत नाही. तेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅनमध्ये मापाने चार लिटर पाणी भरले की चार किलो वजन झाले. रील हातात घट्ट धरावी, कॅन लाईनला बांधून जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडावा, आणि खाली कुणी उभे नाही याची खात्री करावी. ड्रॅग हळूहळू सैल करत जावा. एका क्षणी कॅन आपोआप उतरू लागेल.

कॅन सुटला, एवढ्यावर समाधान मानू नये. तो कसा सुटतो ते पाहावे. थांबत, हिसके देत उतरत असेल तर वॉशरवर मीठ किंवा गंज राहिला आहे, किंवा क्रम चुकला आहे. सलग, एकाच गतीने, जणू कुणी हाताने सोडतो आहे असा उतरला पाहिजे. सुरुवातीला अडून मग एकदम सुटणारा ड्रॅग सर्वांत धोकादायक. जिताडा गळ लागताच पहिली धाव घेतो, आणि लाईन तुटते ती त्या पहिल्या अडखळीतच.

टप्पा १०: पहिली फेरी आणि घरी परतल्यावर

पहिली फेरी उधाणाच्या भरतीत खडकावर करू नये. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत, वाळूच्या किनाऱ्यावर, नुसते शिसे बांधून पन्नासेक फेकी कराव्यात. फेकल्यावर बेल हाताने मिटवावी. हँडल फिरवून ती आपटत मिटवण्याची सवय बेलच्या स्प्रिंगचा जीव घेते, आणि जुन्या स्पिनफिशरमध्ये आधी तुटते ती हीच स्प्रिंग. रील वाळूत पडली तर हँडल फिरवून पाहू नये. तशीच घरी आणून उघडावी.

घरी आल्यावर ड्रॅग आधी घट्ट करावा, म्हणजे धुताना पाणी वॉशरमध्ये उतरत नाही. मग नळाच्या हलक्या धारेखाली, किंवा ओल्या कापडाने, मीठ काढावे. बादलीत बुडवू नये आणि पाइपची जोराची धार मारू नये. तशाने बाहेरचे मीठ झाकणाच्या फटीतून आत ढकलले जाते. पुसून झाले की ड्रॅग पूर्ण सैल सोडावा आणि पुढच्या फेरीपर्यंत तसाच ठेवावा. घट्ट ठेवलेला ड्रॅग वॉशर दाबून चकाकता करतो.

महिनाभर वापरल्यावर फक्त झाकण उघडून ग्रीसचा रंग पाहावा. लावले होते तसेच असेल तर झाकण पुन्हा लावावे. ताकासारखे पांढरट झाले असेल तर आत पाणी गेले आहे. त्या वेळी जुने ग्रीस पुसून, भाग सुकवून, नवे लावायला अर्धा तास पुरतो. ग्रीसमध्ये सोनेरी चमक दिसली तर ते गिअरच्या झिजलेल्या धातूचे कण आहेत. मग रील बाजूला ठेवून शिमची जागा पुन्हा तपासावी.